गोळ्या संपल्या, शेवटचा रिपोर्ट बाकी आहे: हिपॅटायटिस सीच्या उपचारात घर कुठे डगमगतं?

२८ जुलै हा जागतिक हिपॅटायटिस दिन. हिपॅटायटिस बीचा विषाणू शोधणारे शास्त्रज्ञ बारूक ब्लमबर्ग यांचा तो जन्मदिवस. दरवर्षी या दिवशी मोबाइलवर एक वाक्य फिरतं: 'हिपॅटायटिस सी आता पूर्ण बरा होतो.' वाक्य खोटं नाही. १९८९ साली या विषाणूची ओळख पटली आणि त्यानंतर पंचवीस वर्षांच्या आत त्याला शरीरातून घालवणाऱ्या गोळ्या बाजारात आल्या. आज नीट उपचार झालेल्या शंभर रुग्णांपैकी पंचाण्णवच्या आसपास बरे होतात. या शोधाचा पाया घालणाऱ्या हार्वे ऑल्टर, मायकल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही रास्तच.

पण ज्या घरात तीन महिने गोळ्या घेऊनही रिपोर्टवर पुन्हा 'पॉझिटिव्ह' लिहून आलं, त्या घराला हे वाक्य टोचतं. सगळे बरे होतात, मग आमचेच अब्बा का नाही? औषध नकली होतं का? आमचंच काही चुकलं का? हे प्रश्न डॉक्टरांना क्वचितच विचारले जातात. ते रात्री जेवणानंतर घरातल्या घरात घोळवले जातात आणि मग कुणीतरी म्हणतं, 'जाऊ दे, आता नशीब.' फाइल कपाटात जाते. आम्हाला आज याच फाइलींबद्दल लिहायचं आहे.

आमचं म्हणणं थोडक्यात असं: या आजारात औषध हरण्याचे प्रसंग कमी आहेत. माणूस हरतो तो तपासणी, गोळ्या, शेवटचा रिपोर्ट आणि त्यानंतरची देखरेख यांच्या मधल्या रिकाम्या जागांत. आणि त्या जागा कुठे आहेत, हे घरच्यांना आधी कुणी सांगितलेलंच नसतं.

आकडे काय सांगतात तेही बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे ५ कोटी लोकांच्या शरीरात हा विषाणू होता. सर्वाधिक रुग्ण पाकिस्तानात, सुमारे ८८ लाख. दुसरा क्रमांक भारताचा, सुमारे ५५ लाख. जगभरातल्या रुग्णांपैकी २०१५ ते २०२२ या काळात आजाराचं निदान झालेले जेमतेम ३६ टक्के आणि औषध मिळालेले २० टक्के. गोळी आहे, स्वस्त आहे, आपल्याच देशात बनते आहे, आणि तरीही पाचातल्या चौघांपर्यंत ती पोचलेली नव्हती. ज्याच्यापर्यंत पोचली आणि जो मध्येच थांबला, त्याचा हिशोब तर आणखी वेगळा.

जुन्या इंजेक्शनची भीती

आजच्या अनेक रुग्णांच्या मनात बसलेली भीती आजच्या औषधाची नाहीच. ती पंधरा वर्षांपूर्वीच्या उपचाराची आहे. तेव्हा हिपॅटायटिस सीवर इंटरफेरॉन नावाचं इंजेक्शन आठवड्याला एकदा घ्यावं लागायचं, सोबत रोज रिबाव्हिरिनच्या गोळ्या. विषाणूच्या जातीनुसार २४ आठवडे नाहीतर ४८ आठवडे. इंजेक्शनच्या रात्री हुडहुडी भरून ताप, अंगदुखी, केस गळणं, रक्त कमी होणं, वजन उतरणं. कित्येकांना नैराश्य यायचं. हसता-बोलता माणूस चिडचिडा व्हायचा, आणि घरच्यांना वाटायचं की स्वभावच बदलला. खर्च लाखांत. इतकं सोसून विषाणूच्या काही जातींमध्ये बरे होणारे निम्म्याच्याच घरात. म्हणजे वर्षभराच्या हालांनंतर नाणं उडवल्यासारखा निकाल.

त्या काळात उपचार करून 'फेल' झालेली माणसं आजही आपल्या आसपास आहेत. दागिने मोडून इंजेक्शनं घेतली, आजार गेला नाही, आणि तेव्हापासून ती म्हणतात, 'मला हे औषध लागू पडत नाही.' हा समज खोडून काढायलाच हवा. इंटरफेरॉन आणि आजच्या गोळ्या यांचं काम करण्याचं तंत्रच वेगळं आहे. इंटरफेरॉन शरीराच्या प्रतिकारशक्तीला डिवचायचं, आणि ती काय प्रतिसाद देईल याचा भरवसा नसायचा. सोफोस्बुव्हिर, डॅक्लाटास्व्हिर, व्हेलपाटास्व्हिर ही नवी औषधं थेट विषाणूच्या यंत्रणेवर घाव घालतात आणि त्याला आपल्या प्रती काढू देत नाहीत. जुनं इंजेक्शन फसलं म्हणून नवी गोळी फसेल असं अजिबात नाही. घरात अशी जुनी फाइल असेल तर ती बाहेर काढण्यासारखी आहे.

पैशाचंही तेच. सोफोस्बुव्हिर २०१३ च्या अखेरीस अमेरिकेत मंजूर झालं तेव्हा बारा आठवड्यांच्या कोर्सची किंमत ८४,००० डॉलर होती. एक गोळी हजार डॉलरची! २०१४ मध्ये मूळ कंपनीने भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचे परवाने दिले, २०१५ पासून आपल्याकडे जेनेरिक गोळ्या मिळू लागल्या आणि किंमत उतरत गेली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू केला. त्यात ठरलेल्या सरकारी उपचार केंद्रांवर हिपॅटायटिस सीची तपासणी आणि गोळ्या मोफत आहेत. ही गोष्ट आपल्या मोहल्ल्यांत अजूनही पुरेशी पोचलेली नाही, असं आमचं निरीक्षण आहे. खासगीत पहिल्या महिन्याच्या गोळ्या घ्यायच्या आणि दुसऱ्या महिन्यात हात आखडला म्हणून सोडायच्या, हे करण्याची आज कुणावरही वेळ येऊ नये.

तिसऱ्या आठवड्यातलं 'आता बरं वाटतंय'

ज्यांच्या यकृताला अजून फार इजा झालेली नाही, त्यांना साधारणपणे बारा आठवडे रोज गोळ्या. यकृताचा सिरॉसिस झाला असेल, म्हणजे ते घट्ट आणि खडबडीत होऊ लागलं असेल, तर औषधाची जोडी बदलते. यकृत फारच खालावलं असेल तर त्यात रिबाव्हिरिनची भर पडते, किंवा कोर्स २४ आठवड्यांपर्यंत लांबतो. त्रास पूर्वीच्या मानाने किरकोळ: थोडा थकवा, थोडी डोकेदुखी.

आणि इथेच पहिला खड्डा आहे. हा आजार वर्षानुवर्षं गप्प असतो. बहुतेकांना ना डोळे पिवळे होत, ना पोट दुखत. मग गोळ्या सुरू केल्यावर 'फरक' तरी कसला जाणवणार? काहींना दोन-तीन आठवड्यांत तरतरी येते आणि ते समजतात, झालं काम. काहींना काहीच वाटत नाही आणि ते समजतात, उपयोग नाही. दोघेही थांबतात. खरं तर पहिल्या काही आठवड्यांत रक्तातला विषाणू झपाट्याने कमी होतो, पण लपून राहिलेला शेवटचा हिस्सा निघायला पूर्ण मुदत लागते. या आजारात 'वाटणं' हा पुरावाच नाही.

कष्टकऱ्यांच्या घरी दुसरी अडचण. गोळ्या महिन्याच्या बाटलीने मिळतात. भिवंडी, मालेगावचा लूम कामगार, गवंडी, ड्रायव्हर यांना महिन्यातून एक खाडा करून केंद्रावर जाणं जड जातं. ईदेला किंवा लग्नाला गावी गेलं, मुक्काम लांबला, बाटली संपली, असं सहज होतं. गावी जायचं आधीच ठरलेलं असेल तर ते केंद्रात सांगा. पुढची बाटली आधी मिळण्याची किंवा गावाजवळच्या केंद्रात नाव हलवण्याची सोय होते का, हे विचारता येतं. आणि समजा चार दिवस खंड पडलाच, तर 'आता सगळं वाया गेलं' म्हणून बाकीचं सोडून देऊ नका. बऱ्याचदा तेच औषध पुढे चालू ठेवता येतं. किती दिवस चुकले हे डॉक्टरांना खरंखरं सांगायचं, एवढंच. राहून गेलेल्या गोळ्या भरून काढायला एकदम दोन घ्यायच्या नाहीत.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो. गोळ्या दिवसातून एकदाच असतात, त्यामुळे ज्यांचं यकृत ठीक आहे अशा बऱ्याच जणांना सहरी किंवा इफ्तारची एक वेळ ठरवून उपचार चालू ठेवणं शक्य असतं. वेळ मात्र महिनाभर तीच ठेवायची. ज्यांना सिरॉसिस आहे, पोटात पाणी होतं, साखरेचा त्रास आहे, त्यांची गोष्ट निराळी. तिथे डॉक्टरांचा शब्द शेवटचा, आणि आजाऱ्याला रोज्यातून सवलत आहे हे आपल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. रोजा ठेवायचा म्हणून महिनाभर गोळी बंद, हा मात्र सगळ्यात वाईट सौदा.

काही वेळा गोळी नेमाने घेऊनही तिची ताकद अर्ध्यावर येते, कारण तिच्याबरोबर दुसरं काहीतरी पोटात जात असतं. आपल्याकडे बिर्याणीनंतर ॲसिडिटीची गोळी घेणं म्हणजे बडीशेप खाण्याइतकं सहज झालं आहे. व्हेलपाटास्व्हिर मात्र पोटातलं आम्ल कमी झालं की नीट शोषलंच जात नाही. टीबीचं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं या गोळ्यांचा असर मारून टाकतात. हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन चालू असेल तर सोफोस्बुव्हिरबरोबर ठोके धोकादायक रीतीने मंदावू शकतात. म्हणून केंद्रावर जाताना घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी सोबत न्यायची. हकीमसाहेबांचं माजून असेल तर तेही. लाजायचं कारण नाही. लपवण्याने नुकसान आपलंच.

'कावीळ उतरवणाऱ्यां'बद्दल फार लिहीत नाही. पाणी पिवळं होतं तो चुन्याचा आणि झाडपाल्याचा खेळ असतो. हिपॅटायटिस सीमध्ये मुळात कावीळच बहुतेकदा नसते, मग उतरवणार काय?

एकाच आजाराचे दोन रिपोर्ट

आमच्या मते सर्वाधिक मनस्ताप होतो तो इथे, आणि तो निव्वळ माहितीच्या अभावाने होतो.

हिपॅटायटिस सीची पहिली तपासणी ही अँटिबॉडीची असते. हा विषाणू शरीरात कधीतरी येऊन गेला का, एवढंच ती सांगते. दुसरी तपासणी आरएनएची, म्हणजे विषाणू आत्ता रक्तात आहे का याची. उपचार सुरू करायचा तो दुसरीवरून, आणि बरे झालात की नाही हे ठरतं तेही दुसरीवरूनच. पहिली तपासणी माणूस पूर्ण बरा झाल्यावरही पॉझिटिव्हच येत राहते, बहुधा आयुष्यभर. घरातून चोर निघून गेला तरी त्याच्या पायाचे ठसे राहावेत, तसं.

आता बघा काय होतं. माणूस बरा होतो. वर्षभराने दुसऱ्या कुठल्या ऑपरेशनसाठी किंवा नोकरीच्या मेडिकलसाठी रक्त देतो. लॅबचा कागद म्हणतो, 'हिपॅटायटिस सी: रिॲक्टिव्ह'. घरात पुन्हा मातम. 'आजार परत आला.' काही जण परत गोळ्या शोधायला निघतात, काही जण सगळ्याच डॉक्टरांना लुटारू ठरवून बसतात. खरं तर परत काहीच आलेलं नसतं.

कोकणातल्या कुटुंबांना हा धक्का दुहेरी बसतो. रत्नागिरी, रायगडच्या कित्येक घरांची चूल आखाती देशांतल्या पगारावर चालते. आखातात नोकरीला जाताना जी वैद्यकीय तपासणी होते, तिच्यात हिपॅटायटिस बी आणि सी दोन्ही बघितले जातात. तिथे 'रिॲक्टिव्ह' हा एक शब्द म्हणजे व्हिसा, कर्ज काढून दिलेले पैसे आणि बहिणीचं ठरलेलं लग्न, सगळंच टांगणीला. म्हणून उपचार घेतलेल्या प्रत्येकाने दोन कागद जपून ठेवावेत: कोर्स पूर्ण केल्याचा कागद, आणि उपचारानंतरचा आरएनए निगेटिव्ह रिपोर्ट, तारखेसह. ते दाखवून प्रत्येक ठिकाणी न्याय मिळेल अशी हमी आम्ही देऊ शकत नाही. नियम त्या-त्या देशाचे असतात. पण हे कागद नसतील तर बाजू मांडायला काहीच उरत नाही, हे नक्की. आपल्या लोकप्रतिनिधींनी हा विषय केंद्राकडे न्यायला हवा: अँटिबॉडीवरून बऱ्या झालेल्या माणसाला आजारी ठरवणं विज्ञानात बसत नाही.

आणि हा निगेटिव्ह रिपोर्ट काढायचा कधी? गोळ्या संपल्याच्या दिवशी नाही. गोळ्या संपल्यावर बारा आठवडे थांबायचं, मग आरएनए तपासायचं. औषध चालू असताना विषाणू दबलेला असतो. औषध थांबल्यावर तीन महिने तो दिसला नाही तरच तो गेला असं मानतात. म्हणजे उपचार तीन महिन्यांचा असला तरी घराचा प्रवास किमान सहा महिन्यांचा आहे. सर्वाधिक माणसं गळण्याची भीती याच शेवटच्या रिकाम्या तीन महिन्यांत असते, कारण त्या काळात हातात ना गोळी असते, ना कुठे जायचं असतं. तब्येतही ठीक असते. कोण कशाला खाडा करून जाईल?

खरोखरच विषाणू उरला तर

शंभरातल्या पाचांसाठी लिहिणं जास्त गरजेचं आहे. बारा आठवड्यांनंतर आरएनए पॉझिटिव्ह आला तर सगळ्यात आधी कारण शोधावं लागतं. गोळ्या चुकल्या होत्या का, इतर औषधांची आडकाठी होती का, सिरॉसिस ध्यानात न येता साधाच कोर्स दिला गेला का. आपल्याकडे विषाणूची तीन नंबरची जात जास्त आढळते, आणि सिरॉसिससोबत ती असेल तर ती जरा चिवट असते. अशा रुग्णाला मोठ्या केंद्राकडे पाठवतात, तिथे दुसरी औषधयोजना ठरते. ती लांब असू शकते, २४ आठवड्यांची, सोबत रिबाव्हिरिन. रिबाव्हिरिनने रक्त कमी होतं, धाप लागते, म्हणून हिमोग्लोबिन तपासत राहावं लागतं.

दुसऱ्या वेळी उपचाराला बसणं हे पहिल्यापेक्षा अवघड असतं, शरीराला कमी आणि मनाला जास्त. पहिल्या वेळी घरात सगळे विचारतात, गोळी घेतली का? दुसऱ्या वेळी तोच प्रश्न संशयासारखा ऐकू येतो: मागच्या वेळी नीट घेतली नव्हतीस ना? इथे घरातल्या मोठ्यांनी जीभ सांभाळावी. 'सब्र कर' हेही आपण फार लवकर म्हणून मोकळे होतो. सब्र त्याच्याकडे असतोच, सहा महिन्यांपूर्वीपासून. त्याला हवं असतं ते केंद्रापर्यंत सोबत येणारं कुणीतरी, त्या दिवसाची मजुरी बुडाली तर ती भरून देणारं कुणीतरी. झोप उडाली, जेवण सुटलं, मरणाची भाषा तोंडी आली, तर तो स्वभाव नव्हे, त्यावरही उपचार आहे, हे डॉक्टरांना सांगायलाच हवं.

कधी कधी मात्र विषाणू उरलेला नसतो, नवा आलेला असतो. बरं झाल्यावर या आजारापासून कायमचं संरक्षण मिळत नाही, आणि सीवर लसही नाही (बीवर आहे, ती जरूर घ्यावी). हा विषाणू रक्तातून रक्तात जातो. नशेची एकच सुई वाटून घेणं, गल्लीतल्या 'डॉक्टर'कडची पुन्हा वापरलेली सिरिंज, नीट न तपासलेलं रक्त, डायलिसिसच्या ठिकाणची हलगर्जी, या त्याच्या मुख्य वाटा. थॅलेसेमियाच्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावं लागतं, त्यामुळे त्यांच्या आईबापांनी ठरावीक काळाने ही तपासणी मागून घेतली पाहिजे.

पण काही वाटा आपल्या घरच्याच आहेत, आणि त्या आपणच बंद करायच्या आहेत. हिजामा गल्लोगल्ली होऊ लागला आहे. करणाऱ्यांपैकी किती जण प्रत्येकाला नवं ब्लेड, नवे कप वापरतात? कप 'धुऊन' परत वापरणं म्हणजे रक्ताची देवाणघेवाण. खतना घरी करणाऱ्यांच्या वस्तऱ्याचं तेच. हज-उमऱ्यात डोकं मुंडवताना सौदी सरकार परवानाधारक न्हावी आणि एकदाच वापरायची ब्लेडं यांवर भर देतं ते उगाच नाही. रस्त्याच्या कडेला एकच वस्तरा दहा डोक्यांवर फिरला तर तो काय काय घेऊन फिरेल? हे बोललं की काहींना वाटतं, सुन्नतवर बोट ठेवलं. बोट सुन्नतवर नाही, ब्लेडवर आहे. मस्जिदीच्या सूचनाफलकावर ही एक ओळ लिहायला काय हरकत आहे?

विषाणू गेला, यकृत तेच राहिलं

उशिरा निदान झालेल्यांना हा धक्का सगळ्यात अनपेक्षित असतो. रिपोर्ट निगेटिव्ह आला, मिठाई वाटली, आणि दोन वर्षांनी पोटात पाणी झालं किंवा सोनोग्राफीत गाठ दिसली. विषाणू गेल्यावर यकृताची झीज थांबते, बऱ्याच अंशी ते सुधारतंही. पण सिरॉसिस आधीच झालेला असेल तर यकृताच्या कर्करोगाचा धोका कमी होतो, शून्य होत नाही. म्हणून अशा माणसाने बरं झाल्यावरही दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करत राहायची, अनेक वर्षं. 'बरा झालोय, मग परत का बोलावतात' याचं उत्तर हे आहे. आणि बरं झाल्यावर दारू, मेदाने फुगलेलं यकृत, बेताल साखर हे सगळं त्याच यकृतावर बसतं. दारू आपल्यात कुणी पीत नाही असं म्हणायची पद्धत आहे. डॉक्टरांसमोर तरी ती सोडावी.

बायकांच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी. दिवस राहिले असतील तर सर्वसाधारणपणे हा उपचार बाळंतपणानंतर ढकलला जातो. रिबाव्हिरिन तर गर्भाला घातक आहे; ते नवरा किंवा बायको कुणीही घेत असेल तर उपचारात आणि त्यानंतर किमान सहा महिने दिवस राहू नयेत याची काळजी घ्यावी लागते. आईकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण शंभरात पाचच्या आसपास आहे, म्हणजे बहुतेक बाळं सुखरूप असतात. स्तनाग्रांना चिरा पडून रक्त येत नसेल तर आई दूध पाजू शकते. तरीही आपल्याकडे सुनेचा रिपोर्ट आला की तिचं ताट वेगळं होतं, पेला वेगळा होतो, माहेरी फोन जातो. नवऱ्याची तपासणी मात्र कुणाला सुचत नाही. हा आजार एका थाळीत जेवल्याने, एका पेल्यातून प्यायल्याने, गळाभेटीने, मुलांना कुशीत घेतल्याने पसरत नाही. दस्तरखानावरून माणूस उठवायचं कारण नाही. वेगळं ठेवायचं ते ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर.

इजिप्तने काय केलं

राज्यकर्त्यांनाही धक्के बसतात. ते कसे पचवायचे याचं उदाहरण इजिप्तचं आहे. तिथे गेल्या शतकात बिलहार्झिया या परजीवी रोगावर सरकारनेच गावोगाव इंजेक्शनं देण्याची मोहीम काढली, सुया नीट निर्जंतुक झाल्या नाहीत आणि हिपॅटायटिस सी देशभर पसरला. २००८ च्या पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या जवळपास १५ टक्के लोकांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. ज्या सरकारी सुईने रोग दिला, त्याच सरकारच्या दवाखान्यात लोकांनी पुन्हा का यावं?

२०१४ मध्ये इजिप्तने मूळ कंपनीकडून सोफोस्बुव्हिर अमेरिकेतल्या किमतीच्या जवळपास एक टक्क्यात मिळवलं. सुरुवातीला ते रिबाव्हिरिनसोबत दिलं गेलं. निकाल अपेक्षेइतके चांगले आले नाहीत, बऱ्याच रुग्णांमध्ये विषाणू उरला. तिथल्या यंत्रणेने औषधांची जोडी बदलली, स्थानिक कंपन्यांकडून स्वस्त गोळ्या बनवून घेतल्या आणि आधी फसलेल्यांना पुन्हा उपचारात घेतलं. ऑक्टोबर २०१८ ते एप्रिल २०१९ या सात महिन्यांत जवळपास ५ कोटी लोकांची तपासणी झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हिपॅटायटिस सीच्या निर्मूलनाच्या वाटेवरचा 'सुवर्ण' दर्जा इजिप्तला दिला, आणि तो मिळवणारा इजिप्त पहिला देश ठरला.

आमच्या मते त्यांच्या यशाचं मर्म प्रचंड मोहिमेत जितकं आहे तितकंच त्या मधल्या वर्षांत आहे, जेव्हा पहिला कोर्स फसलेल्या माणसाला परत बोलावलं गेलं. आपल्या कार्यक्रमाकडे बघताना आम्हाला हाच प्रश्न विचारावासा वाटतो. किती जणांची तपासणी झाली, किती जणांना गोळ्या दिल्या, हे आकडे सरकार सांगतं. प्रत्येक जिल्ह्याने सोबत हेही जाहीर करावं: गोळ्या घेतलेल्यांपैकी किती जण बारा आठवड्यांनंतरच्या तपासणीला आले, आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे कुणी गेलं का? सगळ्या देशांनी मान्य केलेलं उद्दिष्ट २०३० चं आहे, आणि ते फार लांब राहिलेलं नाही.

दरम्यान घरच्यांनी करण्यासारखी एक साधी गोष्ट आहे. पहिली बाटली हातात पडेल त्याच दिवशी केंद्रातल्या सिस्टरकडून दोन तारखा कार्डावर लिहून घ्यायच्या: शेवटची गोळी कधी, आणि त्यानंतर बारा आठवड्यांनी आरएनएसाठी रक्त कधी. मध्ये खंड पडला तर दोन्ही तारखा बदलून घ्यायच्या. ते कार्ड फाइलीत न ठेवता घरातल्या कॅलेंडरला लावायचं, आणि दुसऱ्या तारखेला रुग्णाबरोबर कोण जाणार त्याचं नावही तिथेच लिहायचं.